लाल गाडीवर पांढरे पट्टे लावले तर रंगाचं काय होतं?

विचारणारा नागपूरच्या मनीषनगरचा तरुण आहे. दोन वर्षांची लाल हॅचबॅक, सोसायटीत उघड्यावर उभी राहते. बोनेटपासून डिक्कीपर्यंत दोन रुंद पांढरे पट्टे आणि दारांच्या खालच्या बाजूने एक बारीक पट्टी लावायची आहे. डावीकडचं पुढचं दार मागच्या वर्षी एका ऑटोने घासलं, ते रंगवून घेतलंय. वडिलांचं म्हणणं, "रेडियम लावलं की रंग गेला म्हणून समज." तर रंग खरंच जातो का, पट्टे किती वर्षं ठेवावेत आणि गाडी विकताना खुणा राहतील का, असे तीन प्रश्न आहेत.

भाऊ, मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. पहिली आठ वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) घासली, रंग मारला. मग प्लॉटर (स्टिकर मापात कापणारं यंत्र) घेतला आणि रेडियमच्या कामात पडलो. (विनायलच्या स्टिकरला आपल्याकडे सगळे रेडियमच म्हणतात. त्यात रेडियम नावालाही नसतं, पण आता कोण बदलणार.) त्यामुळे रंग चढवणाऱ्याची बाजूही मला माहीत आहे आणि वरून चिकटवणाऱ्याचीही. तुमचे वडील निम्मे बरोबर आहेत. रंगाचं नुकसान होतं, पण ते बहुतेक वेळा पट्ट्याखाली होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे अशीच एक लाल गाडी आली होती. सात वर्षं बोनेटवर काळे पट्टे, गाडी कायम रस्त्यावर उभी. पट्ट्यांना भेगा पडल्या होत्या, कडा वर वळल्या होत्या, म्हणून काढायचे होते. हीट गनने कोपरा गरम केला, नखाने उचलला आणि सावकाश ओढायला लागलो. दोन-दोन इंचांचे तुकडे निघत होते. वीतभर मोकळं झालं तेव्हा मालक वाकून बघायला लागले. पट्ट्याखालचा लाल ओल्या कुंकवासारखा, आणि बाजूचा जुन्या कौलासारखा विटलेला. ते चिडलेच. "तुमच्या स्टिकरने रंग काळवंडवला!" मी काही बोललो नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आतली चौकट दाखवली, जिथे रबर असतं आणि ऊन कधीच पोचत नाही. तिथला लाल आणि पट्ट्याखालचा लाल सारखाच होता. म्हणजे पट्ट्याखालीच गाडीचा खरा रंग शिल्लक होता आणि बाकीचा उन्हाने नेला होता. त्यांना पटलं, पण बोनेटवरची खूण काही त्यामुळे गेली नाही.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. कंपनीतून गाडी येते तेव्हा पत्र्यावर गंज रोखणारे थर, प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर असतो. एवढे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), वर्तमानपत्राची दोन पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढी. त्यात क्लिअर ४० मायक्रॉनच्या आसपास. ऊन रोखायचं काम हा क्लिअर करतो. त्यात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं घातलेली असतात आणि ती वर्षागणिक खर्च होत जातात. रंगीत विनायल वरून चिकटलं की त्या पट्ट्यापुरतं ऊन आत जातच नाही. खालचा क्लिअर आराम करतो आणि बाजूचा क्लिअर रोज ड्युटीवर असतो. पाच-सात वर्षांनी दोघांत फरक दिसला नाही तरच नवल.

आता रंगारंगांत फरक आहे आणि तुमचं नशीब इथे थोडं खोटं आहे. लाल सगळ्यात लवकर विटतो. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवर सात वर्षांनी पट्टा काढला तरी रंगातला फरक शोधावा लागतो. लालवर तो रस्त्याच्या पलीकडून दिसतो. जुन्या साध्या लाल गाड्यांत तर बऱ्याचदा वेगळा क्लिअरच नसायचा. कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) मारलं की फडकं लाल व्हायचं. तुमच्या गाडीला क्लिअर आहे, म्हणून तेवढं वाईट होणार नाही, पण पट्टे आयुष्यभरासाठी लावायचा विचार लालवर करूच नका.

त्यात आपलं नागपूर. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो, उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याचा नाही. मे अखेरच्या नवतपात दुपारी दोन वाजता गडद रंगाच्या बोनेटवर हात ठेवून बघा, म्हणजे नका ठेवू. पत्रा सहज ७० अंशांच्या पुढे जातो. विनायल हे मुळात कडक पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घालतात. उष्णतेने ते हळूहळू बाहेर पडतं आणि विनायल पापडासारखं कडक होतं. खालचा गोंद आधी ढिला पडतो, मग काही वर्षांनी वाळून पत्र्याला घट्ट धरतो. काळा पट्टा जास्त तापतो, पांढरा कमी. म्हणून तुम्ही पांढरा निवडला ते बरंच झालं.

विनायल बनवणारे आपल्या मालाची पाच वर्षं, सात वर्षं अशी जी मुदत सांगतात, ती बहुधा उभ्या पृष्ठभागाची असते. म्हणजे दारं, बाजू. बोनेट, टप आणि डिक्कीचा वरचा भाग आकाशाकडे तोंड करून असतो, तिथे त्याच मालाचं आयुष्य निम्म्यावर येतं. दुकानदार हे सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही. तुमच्यासाठी माझा हिशोब असा: बोनेट-टपावरचे पट्टे तीन वर्षं, दारावरची पट्टी पाच. या दिवाळीनंतर लावले तर तीन उन्हाळे काढू द्या आणि चौथा लागायच्या आत उतरवा. नवे लावायचे असतील तर पुन्हा त्याच जागेवर लावू नका. मधे एक वर्ष गाडी मोकळी ठेवा किंवा पट्ट्यांची जागा बदला.

माल कोणता घ्यायचा? बाजारात दोन जाती आहेत. एक कॅलेंडर्ड, दुसरी कास्ट. घरातल्या भाषेत सांगतो. कॅलेंडर्ड म्हणजे लाटलेली पोळी: गरम पीव्हीसी रुळांमधून दाबून पातळ केलेलं. ताणून लाटलेली कणीक कशी पोळपाटावर पुन्हा आक्रसते, तसं हे विनायलही ऊन लागलं की मूळ मापाकडे परत जाऊ बघतं. कास्ट म्हणजे धिरडं: पातळ द्रव पसरून भाजलेलं. ताण दिलेलाच नाही तर आक्रसणार कशाला? जाडीत कॅलेंडर्ड ८० ते १०० मायक्रॉन आणि कास्ट साधारण ५०. पातळ असून महाग का, हे गिऱ्हाईक मला रोज विचारतं.

आक्रसण्याने रंगाचं काय बिघडतं, तर कड. पट्टा मिलीमीटरभर आत सरकतो आणि त्याने सोडलेल्या जागेवर गोंद उघडा पडतो. त्यावर धूळ बसते, काळी किनार तयार होते. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाड्यांवर तर विजेच्या कारखान्यांची राखही त्यात असते. मालक ती किनार घालवायला कोरडं फडकं घेऊन जोर लावतो. राखेवर कोरडं फडकं म्हणजे पॉलिश पेपरच. वर्षभरात पट्ट्याच्या कडेने क्लिअरवर बारीक ओरखड्यांची रेघ उमटते आणि ती पट्टा काढल्यावरही राहते. रंगातला फरक पॉलिशने थोडा तरी कमी होतो, ही कडेची रेघ मात्र चिवट असते. दारावरच्या सरळ पट्टीला चांगलं कॅलेंडर्ड चालून जाईल. बोनेटवर, जिथे वळणं आहेत, तिथे कास्टच घ्या आणि रोलच्या मागच्या कागदावरचं कंपनीचं नाव स्वतः वाचा.

आता ज्याला मी खरं नुकसान म्हणतो त्याकडे येतो. ब्लेड.

बरेच रेडियमवाले रुंद शीट गाडीवरच चिकटवतात आणि मग ब्लेडने सरळ रेघ मारून जादा भाग काढतात. काम झटपट होतं, रेघ देखणी येते. पण क्लिअर ४० मायक्रॉनचा आहे आणि पातळ विनायल कापताना हात नेमका त्याच्या तळाशी थांबेल, असा कारागीर मी अजून पाहिला नाही. मी स्वतःही नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका जीपच्या बोनेटवर मी असेच पट्टे कापले होते. दोन पावसाळे गेले आणि जीप परत आली. पट्ट्याच्या कडेकडेने तपकिरी रेघ, अगदी पट्टीने आखल्यासारखी. ब्लेड पत्र्यापर्यंत पोचलं होतं आणि पाणी तिथून आत शिरलं होतं. पूर्ण बोनेट माझ्या खर्चाने रंगवून दिलं. तेव्हापासून पट्टे प्लॉटरवर मापात कापूनच आणतो, आणि गाडीवर कापायची वेळ आलीच तर आधी धाग्याची टेप लावतो. ती विनायलखाली चिकटवायची, वरून पट्टा लावायचा आणि आतला धागा ओढायचा. धागा विनायल कापत जातो, रंगाला लोखंड लागतच नाही. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "गाडीवर ब्लेड चालवणार का?" "काळजी नका करू, हात सेट आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

आणि ते डावं दार. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत.

कंपनीत क्लिअर साधारण १४० अंशांवर भाजतात. आपल्याकडच्या बूथमध्ये (रंगकामाच्या तापवता येणाऱ्या बंद खोलीत) ६० च्या आसपास, कारण तोवर गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं असतं. छोट्या शेडमध्ये तर बूथही नसतो, उन्हात उभी केली की झालं. रंग चांगला असेल तर यानेही भागतं. पण खालची तयारी कशी होती, जुना थर नीट खरवडला का, लांबी किती भरली, प्रायमर वाळू दिला का, हे वरून दिसत नाही. विनायलचा गोंद कंपनीच्या रंगापेक्षा नेहमी कमी ताकदीचा असतो, म्हणून तिथून पट्टा सुटतो आणि रंग राहतो. घाईत मारलेल्या रंगाची पकड मात्र गोंदापेक्षाही कमी असू शकते. मग काय होतं ते मी एका पांढऱ्या सेडानवर पाहिलंय. पट्टी ओढली, आणि तिच्या पाठीला चिकटून तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा आला. खाली गुलाबी-करडी लांबी. मालकाला आपलं दार कधी रंगवलंय हेच माहीत नव्हतं, गाडी सेकंडहँड घेतली होती. त्या दिवसापासून मी काम घेण्याआधी प्रत्येक पत्र्यावर रंगाची जाडी मोजायचं मीटर लावतो. १०० ते १५० दाखवलं तर बहुधा कंपनीचा रंग. २०० च्या वर गेलं की दुसरा हात आहे असं समजतो. ५०० च्या पुढे म्हणजे खाली लांबी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही, तिथे डोळा आणि अनुभव.

तुमच्या दाराला वर्ष झालंय, म्हणजे रंग पुरता वाळला असणार. ताज्या रंगावर मी महिनाभर तरी काही चिकटवत नाही. आतलं थिनर बाहेर पडत असतं, विनायलने वाट बंद केली की बुडबुडे येतात आणि रंग मऊ राहतो. तुमचा प्रश्न वाळण्याचा नाही, पकडीचा आहे. दाराच्या खालच्या कोपऱ्यात चांगली चिकट टेप घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंगाचा कणही आला तर त्या दारावर पट्टी नको. नाही आला तरी मी त्या दारावर कमी ताकदीच्या गोंदाचं, काढण्याजोगं म्हणून मिळतं ते विनायल लावेन. आणि काढताना नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, हे आधीच बोलून घेईन. उजव्या बाजूला पट्टी आणि डावीकडे मोकळं, हे काही दिसायला बरं नाही, ते मला कळतं. त्यापेक्षा दारांवरच्या पट्ट्या गाळून नुसते वरचे पट्टे ठेवले तर? माझं मत तसंच आहे.

लावायचा मुहूर्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी धरतो, हलवता येत नाही, आणि मग कारागीर उचलतो, ताणतो. ताणलेलं कास्टही आक्रसतं. गाडी आदल्या दिवशी शाम्पूने धुवून घ्या. शोरूमवाल्यांनी मारलेलं मेण, सिलिकॉनचं चकाकीचं पॉलिश निघालं पाहिजे. लावण्याआधी कारागीर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो की नाही ते बघा. सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा गुळगुळीत संरक्षक थर) करायचं असेल तर पट्टे आधी, कोटिंग मागून. उलटं केलं तर पैसे देऊन घसरगुंडी विकत घेतल्यासारखं आहे. लावल्यावर आठवडाभर धुवायचं नाही. पुढे सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा प्रेशरच्या पाण्याचा फवारा पट्ट्याच्या कडेवर तिरका मारू नका, असं सांगून ठेवा. कड एकदा उचलली की पाणी आणि माती आत जाते, पावसाळाभर ओल धरून बसते. अशी उचललेली कड दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्त करा, नाहीतर तो तुकडा काढून टाका. बोअरच्या पाण्याचे थेंब उन्हात वाळू देऊ नका. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो ना, तोच इथे बसतो. आणि धुळवडीला गाडी झाकून ठेवा. पांढरं विनायल पक्का रंग पिऊन टाकतं, मग काही केल्या जात नाही.

काढण्याबद्दल. निम्म्या गाड्या काढतानाच बिघडतात. थंडीत कोरडा पट्टा ओढू नका, तुकडे पडतात आणि मग माणूस चाकू घेतो. एप्रिल-मे महिन्यातल्या भर दुपारीही नको, कारण तेव्हा विनायल निघतं आणि सगळा गोंद गाडीवरच राहतो. मार्चची सकाळ, दहा-अकराची वेळ, तासभर उन्हात उभी केलेली गाडी. किंवा सावलीत हीट गन, सतत हलती ठेवून, हात जेमतेम टेकवता येईल एवढीच ऊब. बंपरवर तर आणखी जपून, प्लास्टिक उष्णता पसरवत नाही आणि एका जागी लगेच जळतं. पट्टा पत्र्यापासून सरळ वर उपटायचा नाही. तो स्वतःवर दुमडून, पत्र्याच्या जवळून, मुंगीच्या चालीने मागे खेचायचा. अडकला की थांबा, पुन्हा गरम करा. राहिलेला गोंद सोलायला जुनं एटीएम कार्ड उत्तम. मग रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा पाच मिनिटं ठेवून पुसा आणि शेवटी साबणाने धुवा. हीट गन बंद होऊन पत्रा थंड झाल्याशिवाय रॉकेल जवळ आणायचं नाही. एनसी थिनर (रंग विरघळवणारं कडक थिनर) तर दारापाशी फिरकू देऊ नका. कंपनीचा रंग एकदा सहन करेल, मागून मारलेला रंग फडक्यावर येईल.

विकताना खूण राहील का? तीन वर्षांत काढले तर कंपाउंड आणि बफिंगने (मशीनने घासून चमकवण्याने) बाहेरचा विटलेला थर निघून बराच मेळ बसतो. लालवर तिरक्या उन्हात सावलीसारखं काहीतरी दिसेल, घेणाऱ्याने ते शोधलं तर. सात वर्षांनी काढले तर बोनेट रंगवावं लागेल, आणि मग टपाशी शेड जुळवायची वेगळी कटकट. एक लक्षात घ्या, बफिंग दर वेळी क्लिअरचे काही मायक्रॉन खातं. तो आधीच ४० चा आहे, त्यामुळे दर दिवाळीला बफिंग करून घेणाऱ्यांपैकी होऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. नुसत्या पट्ट्यांनी आरसीवर लिहिलेला मूळ रंग बदलत नाही, लाल गाडी लालच दिसते. पूर्ण गाडी दुसऱ्या रंगाच्या विनायलने मढवायची असेल तर तो आरसीवरचा रंग बदलल्यासारखा आहे, आधी आरटीओत विचारूनच हात घाला. आणि पट्टा पुढच्या किंवा मागच्या काचेवरून नेऊ नका, काचेवर फिल्म लावायला सुप्रीम कोर्टाने २०१२ साली मनाई केली होती.

लावायच्या दिवशी वडिलांनाही दुकानात घेऊन जा. तुम्ही पट्टे सरळ येताहेत का ते बघाल, ते कारागिराच्या हातात ब्लेड येतंय का ते बघतील.